चानकी

आई हाक मारायची तेव्हा
एकाला बोलवायला अख्खी पलटण उभी करायची.
"रंभा-पोपट-निवृत्ती-दगू-येसू-हौसा-
सिंधू-पंढरी-अलके… अगं तू गं, शेंडेफळा,
तुझंच नाव घेतेय ना केव्हाची!"
तोवर मी चुलीपाशी पोचलेली असायची,
फुंकणी हातात घेऊन.
मधलं ते 'येसू' म्हणजे 'ये' असेल,
असं वाटायचं आम्हाला. घाईतलं 'ये'.

निफाडची थंडी तुम्ही पेपरात वाचता.
आम्ही ती ऐकायचो.
पत्रा आकसून बारीक कडकडायचा,
आणि रात्री दोनला आईची काकणं वाजायची.
नानांच्या मागे ती द्राक्षबागेत जायची
शेकोट्या लावायला,
डोक्यावर ओल्या पाचटाचा भारा.
जाळ नको, धूर हवा, म्हणायची,
वेलीला ऊब द्यायची, चटका नाही.

परत आली की तोच धूर पदरात घेऊन
आमचे पाय मोजायची.
डोकी नाही, डोकी पांघरुणात बुडालेली.
अंधारात एकेका तळव्याला हात लावत
अठरापर्यंत.
मी जागी असले तर मुद्दाम पाय आखडून घ्यायची.
ती थांबायची. पुन्हा पहिल्यापासून.
एकदा तिसऱ्यांदा मोजताना
तिचा श्वास असा काही अडकला
की मी घाबरून दोन्ही पाय बाहेर काढले.
ती मस्करी पुन्हा केली नाही.

देवी वगैरे नव्हती ती.
उलथनं फेकून मारायची, नेमही चांगला होता.
लाडका पोपट. हे आम्हा आठांना माहीत होतं,
पोपटला सोडून.
नाशिक तिने तीनदा पाहिलं:
नानांचा पाय मोडला तेव्हा सिव्हिलमध्ये,
सिंधूच्या बस्त्याला,
आणि एकदा कुंभमेळ्याला, तेही अर्ध्यातून परत,
"म्हैस माझ्याशिवाय कोणाला हात लावू देत नाही."
लासलगावहून कांद्याचे पैसे आले
की नाना नोटा मोजायचे, ती आमच्या चपला.

भाकऱ्या शेवटाला आल्या
की परातीला चिकटलेलं पीठ खरवडून
तळहाताएवढी एक थापायची.
चानकी.
ती मागायची नाही, एवढं ठाऊक होतं.
भानवशीवर ठेवायची, सकाळी नसायची.
आम्ही समजायचो, मांजर.

दहाव्याला, कादवेच्या काठावर,
ठकूआत्या पदराने नाक पुसत म्हणाली,
"आता येसूला भेटली असेल बाई."
कोण येसू?
"तुमच्यातलाच. दगूच्या पाठचा.
तेव्हा बाग नव्हती, गहू होता.
रात्रीची पाळी होती पाण्याची,
तुमची आई दारं धरायला गेलेली.
पोराला ताप होता, पण पाणी सोडून कसं चालेल?
उजाडता आली, तर पाय गार."

आम्ही नऊ जण
घोट्याएवढ्या पाण्यात उभे होतो.
रंभाच्या केसांत काळा एकही उरलेला नाही,
निवृत्तीचे गुडघे बदललेले.
कोणी काही बोललं नाही.
पोपटने उगाच दगूचा खांदा धरला,
आणि दगूने, जो कोणाला हात लावू देत नाही,
तो तसाच राहू दिला.

आता सिन्नरला माझ्या ओट्यावर गॅस आहे,
मागे भानवस नाही, टाइल्स आहेत.
काल पीठ उरलं.
डब्यात परत टाकता आलं असतं.
थापली.
पोरगा म्हणाला, एवढीशी कोणाची?
मामाची.
कुठल्या मामाची?
तवा तापलेला होता, हात पिठाचे.
रंभा-पोपट-निवृत्ती-दगू,
मी म्हणत गेले,
आणि तिथे आल्यावर
तिचा सूर कसा लागायचा ते आठवेना,
म्हणून पुन्हा पहिल्यापासून.