बत्तीस व्होल्ट

जिन्याखाली अडीच मीटर जागा. तीत कार्लो,
एक इस्त्री, पोट उघडे चार रेडिओ, आणि मी:
वय चौदा, काम स्क्रू हरवू न देणं.

पहिल्याच दिवशी त्याने एक कपॅसिटर पुढे केला,
पिवळा, जर्दाळूएवढा.
प्लग केव्हाच काढलेला होता,
तरी असा हिसका बसला
की वरची फळी माझ्या टाळूत घुसली.
कार्लो हसला नाही. म्हणाला,
"वीज गेली म्हणजे गेली, हे मीटरला वाटतं.
ह्याला वाटत नाही.
म्हणून ह्याच्या दोन पायांत एक रेझिस्टर लावायचा,
दहा लाख ओहमचा,
हळूहळू विसरायला लावणारा."

त्या हिवाळ्यात कुताइसीत वीज रात्रीच यायची,
दोन तास, कधी तीन.
लोकांना फ्रिज उठवायचा,
घशात काही अडकल्यासारखा घरघरून सुरू व्हायचा,
मग बायका पीठ मळायला घ्यायच्या, पुरुष दाढी करायचे
पहाटे सव्वातीनला.
पाचव्या मजल्यावरच्या त्सिआलाला ऐकू येत नव्हतं.
तिने कागदावर लिहून आणलं:
वीज येते नि जाते, मी झोपलेली. कोट शिवून द्यायचेत.

कार्लोने ड्रॉवर पालथा केला.
एक डायोड, लाटेचा वरचा अर्धा घेणारा,
खालच्या अर्ध्याला दारातून परत पाठवणारा.
एक जाडा रेझिस्टर, दोनशे वीस व्होल्टची गर्दी
एकेक करून आत सोडणारा.
एक कपॅसिटर, भरत राहणारा.
आणि डायक. निळसर काचेचा मणी,
बत्तीस व्होल्ट होईपर्यंत ढिम्म.
एकतीसला विचारा, नाही.
बत्तीस झाले की सगळं एकदम
एलईडीतून बाहेर: लाल, लुक्.
पुन्हा ढिम्म.

औषधाच्या डबीत ते बसवून झाकण चिकटवलं
आणि वर लिहिलं: उघडू नको.
आत ट्रान्सफॉर्मर नाही,
प्रत्येक तारेत थेट खांबावरची वीज आहे.
त्सिआलाने डबी उशीपाशी बांधली
आणि तकेमालीची बरणी ठेवून गेली. आंबट, हिरवी.

पंधरवड्याने परत आली.
मिनिटाला साठ होते. काल एकेचाळीस. बिघडलं.
कार्लोने तिच्या घरी सॉकेटला मीटर लावला.
एकशे त्रेपन्न.
दिवा ठीक होता. इमारत काकडत होती,
घराघरात शेगडीची स्प्रिंग लाल झालेली,
सगळे एकाच तारेला ओढत होते.
दाब कमी, तर भरायला वेळ जास्त,
तर लुकलुक सावकाश. एवढंच.

एवढंच, पण तिने वही केली.
सदतीस: तिसऱ्यावर झुझुनाने ओव्हन लावला.
पन्नास: शेगड्या विझल्या, निजले.
चौतीस: बिचिकोच्या घरी पाहुणे.
जी भिंतीपलीकडचं ऐकू शकत नव्हती
ती आम्हा सगळ्यांची बातमी बाळगून होती.

आता दुकान माझं. मीटरही तोच, काच तडकलेली.
परवा त्सिआला आली, चष्मा दोरीला.
जानेवारीतही एकोणसाठ.
मी लिहिलं, नवा ट्रान्सफॉर्मर बसवलाय, गॅसही आलाय.
तिने मान हलवली. खाली लिहीत गेली:
झुझुना थेस्सालोनिकीला, म्हाताऱ्यांची सेवा करते.
बिचिकोची पोरं पोलंडला. दुसरा मजला कुलपात.
चौथ्यावर फक्त मांजर.

मी काही लिहिलं नाही.
डबी उघडली, आधी प्लग काढून, थोडं थांबून.
जुन्याच्या जागी जरा मोठा कपॅसिटर जोडला.
भरायला वेळ लागेल असा.

तिने घड्याळ धरलं, पूर्ण मिनिट मोजलं.
एकेचाळीस.
माझ्याकडे बघत राहिली,
मग पेन्सिल घेऊन लिहिलं:
हे खोटं आहे.

आणि खाली, बारीक अक्षरात:
असू दे.