आय सेट टाइप

बोल्टनच्या लायब्ररीत, वरच्या मजल्यावर,
मंगळवारी आणि गुरुवारी साडेदहाला
मी साधा वर्तमानकाळ शिकतो.
वय एकोणसत्तर.

डोरीनबाई फळ्यावर लिहितात: सूर्य पूर्वेला उगवतो.
आम्ही सगळे खिडकीकडे बघतो.
बाहेर नोव्हेंबर, पाण्यात भिजवलेल्या रद्दीसारखा.
दिसतो असं कुठं म्हटलंय, बाई म्हणतात,
उगवतो.

हा काळ आत्ताचा नाही
हे समजायला मला तीन आठवडे लागले.
आय ड्रिंक टी, म्हणजे हातात कप आहे असं नव्हे.
मी चहा पिणाऱ्यांपैकी आहे, एवढंच.
सेलाम रात्री ऑफिसं झाडते;
आत्ता इथं जांभया देत बसलीय,
तरी झाडते.
शोरश केस कापतो.
दुकान मिळालेलं नाही, कागद यायचेत,
तरी कापतो.

मग एस.
आय वर्क, यू वर्क, दे वर्क,
आणि तिऱ्हाईत आला की शेपटाला एस.
सगळेच विसरतात.
बाई न बोलता बोटानं हवेत एक वळण काढतात.

मला हसू येतं.
बावीस वर्षं मिरजेत मी खिळे जुळवले.
काना एका खणात, मात्रा दुसऱ्या,
अक्षरं उलटी, ओळ उलटी, वाचायची सुलटी.
एकदा वेलांटी चुकली
आणि बेडगच्या कुणा नाईकांच्या पत्रिकेत
‘शुभ दीन’ छापून गेला.
तीनशे प्रती. मालकांनी पगारातून कापल्या.
एका खिळ्याची किंमत मला कुणी शिकवू नये.

पण हा एस जागा बदलतो.
ही वर्क्स. नकार आला की ही डझन्ट वर्क:
वर्कचा काढला, डूला लावला.
प्रश्न आला की तोच चिमट्यात धरून
ओळीच्या तोंडाशी.
नवा ओतत नाहीत.
भाषा कुणा काटकसरी फोरमनची असावी.

परवा जोड्या पाडल्या.
सेलामनं विचारलं, व्हॉट डू यू डू?
दोन डू. एक प्रश्नाचा, एक पोटाचा.
मी काय करतो?
नातवाला शाळेतून आणतो.
कुठल्या आठवड्यात कुठल्या रंगाचा डबा बाहेर,
ते लक्षात ठेवतो.
सुनेचा फोन आला की गोळी घेतली म्हणतो.
तोंडातून निघालं: आय सेट टाइप.

बाई वळल्या. आत्ता, की पूर्वी?
मग स्वतःशीच म्हणाल्या,
सेट बदलत नाही. दोन्हीकडे सेटच. बरोबर आहे.

छापखाना बंद पडून तीस वर्षं झाली.
शिसं किलोवर गेलं. काने, मात्रा, रफार,
सगळं एकाच पोत्यात.
आणि इथं, हीटरशेजारी, एक बाई म्हणते
वाक्य बरोबर आहे.

सेलामनं वहीत माझ्याबद्दल लिहिलं:
ही सेट टाइप.
विसरली, की तिला तेच म्हणायचं होतं, कोण जाणे.
एक एस पडला तर मी अजून जुळवतो.
नाही पडला तर जुळवत होतो.

बाई लाल पेन घेऊन वाकल्या. घालू?
सवयीनं मी ओळीवर अंगठा फिरवला.
कागद सपाट. कुठंच उठाव नाही.

राहू द्या, म्हणालो. आज मंगळवार.
गुरुवारी बघू.