तूट

दोंडाईच्याच्या यार्डात मी सव्वीस वर्षं मापाडी.
मिरचीचं पोतं काट्यावर चढलं की
ओल किती, देठ किती, बारदान किती
हे मला शिंकेच्या आधी कळतं.
पोत्यावर लिहिलेलं आणि पोत्यात भरलेलं
यातल्या फरकाला आम्ही तूट म्हणतो
आणि ज्याची तूट त्याच्या नावावर लिहितो,
तिथल्या तिथे, सगळ्यांसमोर.

टीव्हीच्या खोक्यावर बारा चित्रं होती.
दुकानातच मोजली, बोट लावून.
नववं आमच्या कामाचं:
तिथंच लागते ती मालिका
जिच्यात आमची वैजयंता लांब दांडीला माइक बांधून
चौकटीच्या बाहेर उभी असते,
बारा बारा तास, हात वर करून.
शेवटी नावं पळतात, त्यात तिचं.
फोनवर पाहिलं होतं, मुंगीएवढं.
मला ते भिंतीवर पाहिजे होतं.

"चालतं ना हे?"
"सगळं चालतं दादा, स्मार्ट आहे,"
किशोरशेठनं रिमोटवरचं लाल बटण दाखवलं.
बटणावर तेच नववं चित्र.
मग शंका कशाला घ्यायची?

गल्लीला बोलावलं.
अंगणात ताडपत्री, पातेलंभर शेवभाजीचा रस्सा.
रज्जाकभाई पिंजारी आले, निंबा शिंपी आला,
त्याची सून पोराला कडेवर घेऊन दारातच.
मी बटण दाबलं.
पडदा काळा झाला, एक गोल फिरला, फिरत राहिला,
मग लिहून आलं: या उपकरणावर उपलब्ध नाही.
पुन्हा दाबलं. जोरात दाबलं,
जसं काही जोरात दाबल्यावर कंपनीला दुखेल.
इंदूनं तोंडाला पदर लावला.
"हाई बटन शे, पन वाट नही."
रस्सा झकास झाला होता, असं जाताना
प्रत्येकानं सांगितलं. प्रत्येकानं.

मग एक दाबा, दोन दाबा, मराठीसाठी सात दाबा.
सात दाबलं तर हिंदी.
तक्रारीचा नंबर अकरा आकडी,
तो पावतीपुस्तकाच्या पुठ्ठ्यावर लिहिला.
नवव्या दिवशी धुळ्याहून एक पोरगा आला,
बॅग न उघडता टीव्ही बंद केला, चालू केला,
"पुढच्या अपडेटमध्ये येईल काका" म्हणाला,
आणि "फोनवर चार आकडे आले असतील, सांगा."
मी सांगितले.
संध्याकाळी मेसेज: आपल्या तक्रारीचे समाधान झाले आहे.
सव्वीस वर्षांत माझ्याच हातानं
माझा काटा कुणी मारला नव्हता.

पोरावर राग नाही. शर्ट पाठीला चिकटलेला,
बुटांवर फुफाटा. माठातलं पाणी
दोन तांबे प्यायला, उभ्यानंच.

आखाजीला वैजयंता आली.
झोका बांधायच्या आधी तिनं पिशवीतून वायर काढली,
फोन टीव्हीला जोडला, मालिका भिंतीवर.
अख्खा भाग आम्ही बसून पाहिला.
शेवटी नावं सुरू झाली, तर पडदा आक्रसून कोपऱ्यात,
पुढचा भाग पाच, चार, तीन...
वैजयंता आनंदा मा
आणि गेलं.

ती हसली. "नाव सोडा आबा. विहिरीचा सीन लावते.
डोळे मिटा.
रहाट वाजतोय ना? त्याच्या मागं होला घुमतो,
तो मी धरलाय."
मी ऐकलं.
होला होता. पुऱ्या वजनाचा.

हे सगळं खरं. पण ती वायर दोनशे ऐंशीची,
तीही पोरीच्या पैशाची.
खोकं मी फाडलेलं नाही.
इंदू त्यात बिबडे भरायचे म्हणते, मी हात लावू देत नाही.
सोमवारी खाडा करून, सुतळीनं बांधून,
धुळ्याच्या एसटीत दाराशी उभं धरून नेणार आहे
ग्राहक मंचात.
कंडक्टरनं त्याचं अर्धं तिकीट मागितलं तर काढीन.
साहेबांपुढं ठेवीन, म्हणीन, मोजा.
असं नाही, बोट लावून.
ओलीचा कडता काय तो
मी सोडायला तयार आहे.