लागलंय

आठवीचा वर्ग, साखरी नाट्याची शाळा.
सुफियान काझीने उताऱ्यात बोट ठेवून विचारलं,
बाई, हे स्माइट म्हणजे काय?
मारणे, म्हटलं. जुना शब्द. आता कुणी वापरत नाही.
तो म्हणाला, मारणं तर सगळे वापरतात.
वर्ग हसला, मीही. तेवढ्यात घंटा झाली.

रात्री कोश काढला.
खाऱ्या हवेने पानं पापडासारखी झालेली.
देव एखाद्या नगरावर हात उगारतो, तेव्हा हा शब्द.
तलवार पडते, पटकी पसरते, तेव्हाही हाच.
आणि सगळ्यात खाली, मुंगीएवढ्या अक्षरांत:
मूळ अर्थ माखणे. फासणे. डाग पाडणे.
मारणे मागाहून आले.
कसे, ते नक्की ठाऊक नाही. कदाचित
कुडाच्या भिंतीवर ओला चिखल फेकून मारत, त्यावरून.

कदाचित.
मी दिवा मालवला नाही.

माझा बाप जनू मेस्त्री.
जांभ्याच्या भिंतीला तो चुना लावत नसे, मारत असे.
चिऱ्याला भोकं असतात, वारुळासारखी;
थापी मागे न्यायची, मनगटाला झटका,
फच्च.
म्हणायचा, लावलेला सुटतो गो,
मारलेला धरतो.

सातवीत होते. जैतापुरात कुणाच्या तरी माडीचं काम,
माझ्या हातून घमेलं कलंडलं,
दिवसभर मळलेला चुना मातीत.
तो शिडीवरून उतरला आणि
तसल्याच ओल्या हाताने
एक ठेवून दिली.
गालावर पाच पांढरी बोटं.
चुना चावायला लागला तशी मी किंचाळले,
आणि तोच हात घाबरला,
तांब्याभर पाणी, मग आणखी एक तांब्या,
मग कुणाच्या घरातून मागून आणलेलं खोबरेल,
गालावर हळूहळू, गोल गोल.
बोलला काहीच नाही.
त्या दुपारी त्या हाताने काय केलं,
त्याला एक क्रियापद
मला मराठीत सापडलं नव्हतं.
बी.एड.लाही नाही.

सकाळी बंदरावरून शाळेत गेले.
युनूसचाचांची होडी वाळूत आडवी,
बूड वर करून; डांबराचा डबा चुलीवर.
मार, फटीत मार, पोराला ओरडत होते,
नुसतं चोपडू नको.
मला बघून त्यांनी सलाम मारला,
हाताला डांबर, कपाळाला डांबर.
आम्ही हाका मारतो. गाठ मारतो. बुडी मारतो.
मासे तर मारतोच.
आणि बोटीवरून चार महिन्यांनी आलेल्याला
मिठी, तीही मारतो;
सोडल्यावर अंगाला त्याचा घाम, त्याचं डिझेल.

फळ्यावर तिन्ही रूपं लिहिली.
स्माइट. स्मोट. स्मिटन.
तिसरं मात्र अजून चालतं, म्हटलं,
कुणी कुणाच्या प्रेमात पडलं की.
मागच्या बाकावर कुजबुज,
सुफियान उगीचच कंपासपेटी आवरू लागला.
मी चुन्याचं सांगणार होते. थापीचं. नाही सांगितलं.
डोळ्यांत काही गेल्यासारखं झालं म्हणून
हात वर नेला, पुसलं,
पुन्हा फळ्याकडे वळले.

बाई, पहिल्या बाकावरची निलोफर म्हणाली,
तुमच्या गालाला लागलंय.

काय?

खडू.