गालातला घास

नाइट संपवून अंबडहून घरी येतो
तेव्हा शर्वीची सकाळ तिच्या डाव्या गालात अडकलेली असते.
कालचाही भात असेल त्यात, सुवर्णा म्हणते,
मी निघते, आता तू बघ.
पिंपळगावच्या पॅकहाउसात दिवसभर ती
परदेशी जाणारी द्राक्षं तोलते.

साडेतीन वर्षं. अकरा किलो दोनशे.
अंगणवाडीत गांगुर्डेताईंनी दंडाला पट्टी लावली,
पिवळ्यावर बोट ठेवलं
आणि माझ्याकडे पाहिलं.
मी पट्टीकडेच पाहत राहिलो.
कामावर हातात व्हर्नियर असतो माझ्या,
मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाची चूक पकडतो.

तिला पांढरं चालतं.
भात, पण वरण लागलेला नाही.
पोळी, पण डाग पडलेली नाही.
नाचणीचं सत्त्व पाहून म्हणाली, माती.
उकडलेलं अंडं पांढरं, तरी फ्रीजमध्ये नेऊन ठेवलं,
त्याला झोप आली म्हणे.
चिऊकाऊ झाले, विमान झालं,
मोबाइलवर ससा नाचवून झाला,
एकदा नाक दाबून झालं.
हे लिहितोय, कारण ते झालं.
सगळं ओकली माझ्या अंगावर
आणि मलाच म्हणाली, सॉरी.

ताई रागावल्या नाहीत.
काय वाढायचं ते तुम्ही ठरवा,
किती खायचं ते तिला ठरवू द्या.
आणि दादा, तुम्ही कधी जेवता?

मी उभ्यानं चहा घ्यायचो नि झोपायचो.

मग ताट मांडलं, माझं. शेजारी तिची वाटी.
बाजरीची भाकरी, रात्रीची मेथी, शेंगदाण्याचा कूट.
खिडकीत पांडवलेणीचा डोंगर,
अर्धा समोरच्यांच्या वाळत्या गोधडीनं झाकलेला.
तिच्याकडे बघायचं नाही, असं ठरलेलं.
आठ तास मशीनवर उभा राहतो मी,
हे न बघणं त्याहून जड.

नऊ दिवस काही नाही.
दहाव्या की अकराव्या दिवशी
तिनं माझ्या भाकरीचा पापुद्रा उचलला,
करपलेला, डागांचा.
उजेडाकडे धरला.
चाटला.
परत माझ्या ताटात ठेवला.
तो ओला पापुद्रा मी खाल्ला,
काही झालंच नाही अशा तोंडानं.

आज काटा अकरा तीनशे म्हणाला.
ताई म्हणाल्या, शंभर ग्रॅम म्हणजे
शू केली नसेल तिनं, लगेच नाचू नका.

नाचत नाहीये.
डाव्या गालात आत्ताही काहीतरी आहे.
काय गं, विचारलं,
तर तोंड न उघडता हसते.