दीड इंची आटे

आनंदवाडीच्या धक्क्यावर पूर्वी
प्रत्येक होडीच्या टाकीचं तोंड वेगळं होतं.
पाणी भरायचं तर सायकलच्या ट्यूबचे तुकडे,
सुतळी, अंगठा आणि शिव्या.
मग कुणीतरी ठरवलं : सगळ्यांना दीड इंची आटे.
त्याचा सत्कार झाला नाही,
नावही कुणाला आठवत नाही.
पायाखालचा चिखल तेवढा कमी झाला.

हे आठवलं, कारण सोसायटीच्या हॉलमध्ये
पुण्याचा एक माणूस पडद्यावर
'क्रांती' हा शब्द सोळा वेळा दाखवून गेला.
मी मोजले. चहाचं बिल माझ्याच टेबलावर येतं.

तो गेल्यावर काम केलं वैदेही कुबलने,
बंदीच्या दोन महिन्यांत, कणकवलीची शेवटची एसटी चुकवत.
बर्फाच्या कारखान्याची वही, डिझेलचा कोटा,
भरतीचं कोष्टक, हवामानाचा इशारा :
चौघांना एकेक तोंड, एकाच मापाचं.
आता आमचा यंत्रातला कारकून
ज्याला हवं त्याला जोडून घेतो, विचारतो, परत येतो.
कारखान्याने संगणक बदलला
तेव्हा एकच जोड काढून पुन्हा बसवला;
बाकी तिघांना कळलंही नाही.

एवढंच.
समुद्र तो ओळखत नाही.
कोटा चुकीचा लिहिला असेल
तर चूकच नीट, नम्रपणे वाचून दाखवतो.
आणि डिझेल सोडायची चावी
वैदेहीने त्याला दिलेली नाही.
वाच म्हणाली, हात लावू नकोस.

परवा पहाटे पावणेचारला
बापू सारंगाने फोनवर विचारलं, बर्फ किती?
मागच्या हंगामात हाच कारकून बेधडक सांगायचा,
चाळीस लाद्या. कुठून आणायचा देव जाणे.
त्या चाळीसांवर विसंबून बापू एकदा
अर्धी सुरमई वास मारत घेऊन आला होता.
या वेळी उत्तर आलं :
कारखान्याची वही उघडत नाही.
शेवटची नोंद रात्री साडेदहाची, बावीस लाद्या.
आत्ताचं माहीत नाही.

बापूने बिडी विझवली.
"म्हायत नाय म्हणता मां? मगे विश्वासाचो असा."
आणि टॉर्च घेऊन चालत निघाला
कारखान्याकडे, स्वतः मोजायला.

एकोणीस निघाल्या.