चित्राहुती

रामबागेतून छप्पन दुकानांपर्यंत
मला अकरा संडास ठाऊक आहेत.
त्यांतले चार रात्री दहानंतर बंद.

हे शहर मध्यरात्री जेवतं. तेव्हा मी
मऊ भात, चिमूटभर मीठ,
मेसालाझिनच्या दोन गोळ्या.
सराफ्यावरून नुसतं गेलं तरी
गराडूवरच्या जिरावणाचा वास शर्टाला लागतो.
"भिया, आजकल दिखते नहीं?"
काय सांगू, आतडं सुजलंय, रक्त पडतं?
ऑफिसात काम फार, म्हणतो.

धाकट्या बहिणीची शर्वाणी
खंडवा रोडच्या प्रयोगशाळेत
उंदरांना बुरशीचा अर्क पाजते.
काल घेऊन आली ती बुरशी,
काळपट, लाकडासारखी टणक,
वहाणेच्या टाचेएवढी.
हे खाऊन बरा होईन?
"उंदीर झाले थोडे. सगळे नाही.
आणि मामा, गोळ्या सोडल्यास तर बघ."

मग पोळपाटावर सांडलेल्या पिठात
बोटानं आतडं काढलं तिनं, वळणावळणाचं:
यातली लांब साखळीची साखर
तुला पचतच नाही. तशीच खाली जाते.
तिथे जे राहतात, ते ती खातात,
आणि त्यांच्या उष्ट्यावर
आतड्याचं अस्तर जगतं.
तुझ्याकडची ती वस्ती उठून गेलीय बहुतेक.
उरलेत ते भांडखोर.

म्हणजे एवढी वर्षं भाडेकरू होते
आणि मी कुणाचं नावसुद्धा विचारलं नाही.

सकाळी कचऱ्याची गाडी आली, गाणं वाजवत.
ओला वेगळा, सुका वेगळा दिला.
तिसरी डबी, घट्ट झाकणाची,
तारीख-वेळ लिहिलेली,
शर्वाणीनं सांगितलेल्या तपासणीसाठी
पिशवीत घालून मी स्वतः नेली.
एवढ्या स्वच्छ शहरात
कुणाला तरी माझी घाण हवी होती.

दुपारी पानावर बसलो आणि बाबा आठवले.
कापड मिलमध्ये टाइमकीपर. देवापुढे फार बसत नसत,
पण ताटाबाहेर भाताची चार शितं
ठेवल्याशिवाय घास उचलत नसत.
कुणासाठी, विचारलं की म्हणत,
"असतात कुणी. दिसत नाहीत म्हणून
उपाशी ठेवायचं का?"

मी ताटाबाहेर काही ठेवलं नाही.
पहिला घास बराच वेळ चावला,
आणि गिळताना हळूच म्हटलं,
घ्या.

तरी तीनदा उठावं लागलं.
काल पाचदा.